तितकेच का, आणि तितके तरी का?

भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे इ.स. ११५० साली, 'सिद्धान्तशिरोमणी' पूर्ण केला. 'लीलावती' हा त्याचाच भाग मानला जातो. वर्तुळाचा व्यास ठाऊक असेल तर परीघ कसा काढावा, यासाठी लीलावतीत दोन गुणोत्तरे दिली आहेत. रोजच्या कामाला २२/७ पुरे, आणि बारीक हिशेब हवा असेल तर ३९२७/१२५०. दुसऱ्यातून ३.१४१६ ही किंमत मिळते. शेत मोजायला, हौद बांधायला, एवढेच काय, पंचांगातल्या बऱ्याचशा गणितालाही ती चालून जाते. पुढे १२०७ साली आचार्यांचे नातू चांगदेव यांच्या खटपटीने चाळीसगावजवळच्या पाटणे येथे त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ उभा राहिला. तिथल्या देवळातला शिलालेख त्याची साक्ष देतो, आणि तो अभ्यासकांपुढे आणण्याचे श्रेय भाऊ दाजी लाड यांचे आहे.

मठ काळाच्या ओघात गेला, पण लीलावती चालत राहिली. चारशे वर्षांनी केरळात, निळा नदीच्या खोऱ्यात, शंकर वारियर नावाचा एक विद्वान तिच्यावर 'क्रियाक्रमकरी' नावाची टीका लिहीत होता. परिघाच्या श्लोकापाशी, म्हणजे त्या ३९२७ च्या आकड्यापाशी येईपर्यंत ही टीका इतर टीकांसारखीच चालते. तिथे मात्र ती थांबते आणि फार दूरवर जाते. याहून सूक्ष्म किंमत आहे, ती माधवाने काढली आहे, आणि ती काढायची रीत अशी आहे की तिला शेवटच नाही, असे शंकर सांगू लागतो. सह्याद्रीच्या कुशीतल्या एका श्लोकाचा धागा धरून गणित अनंतात शिरले ते या ठिकाणी.

माधवाचा काळ साधारण १३४० ते १४२५ असा धरतात. तो संगमग्रामचा. हे गाव म्हणजे त्रिशूरजवळचे आजचे इरिंजालकुडा, अशी परंपरा आहे. त्याचे 'वेण्वारोह' आणि 'स्फुटचंद्राप्ति' हे चंद्राच्या गणिताचे ग्रंथ मिळतात, पण ज्यांसाठी जग आज त्याला ओळखते त्या श्रेणी त्याच्या स्वतःच्या कुठल्याही उपलब्ध ग्रंथात नाहीत. त्या आपल्यापर्यंत आल्या शिष्यांच्या तोंडून. 'हे माधवाचे' असे नावानिशी सांगून पुढच्यांनी त्या लिहून ठेवल्या. गुरूचे देणे गुरूच्या नावावर ठेवणारी ती माणसे होती, आणि त्यांच्या त्या प्रामाणिकपणावरच हा सारा इतिहास उभा आहे.

ही परंपरा दोन-अडीचशे वर्षे, बहुतांशी काही मैलांच्या टापूत, घराघरांतून चालली. माधवाचा शिष्य परमेश्वर निळेच्या काठी पंचावन्न वर्षे ग्रहणे पाहत आणि नोंदवत राहिला, आणि १४३१ साली त्याने 'दृग्गणित' रचले. जुन्या सूत्रांनी काढलेले ग्रहण आकाशात दिसणाऱ्या ग्रहणाशी जुळत नसेल तर सूत्र बदलावे, असा त्याचा बाणा होता. त्याचा मुलगा दामोदर, दामोदराचे शिष्य तिरूरजवळच्या तृक्कंडियूरचा नीलकंठ सोमयाजी आणि आलत्तियूरकडचा ज्येष्ठदेव. बहुतेक जण नंबूदिरी ब्राह्मण. पण शंकर वारियर आणि पुढचा अच्युत पिषारटी हे मंदिरसेवेच्या जातींतले. सूक्ष्म गणिताची ओढ या मंडळींना हौसेखातर लागलेली नव्हती. ग्रहणाचा क्षण नेमका हवा तर ज्या, म्हणजे आजच्या शाळेतला साइन, नेमकी हवी. आणि ज्या नेमकी हवी तर वर्तुळाचा परीघ नेमका हवा.

माधवाने दिलेला आकडा असा: व्यास ९,००,००,००,००,००० असेल तर परीघ २८,२७,४३,३३,८८,२३३. भागाकार केला तर ३.१४१५९२६५३५९ इतके आकडे येतात, आणि अकराव्या दशांश स्थळापर्यंत ते बरोबर आहेत. हा आकडा श्लोकात शब्दांनी बांधलेला आहे. विबुध म्हणजे देव, तेव्हा तेहतीस, गज आठ, वेद चार, भ म्हणजे नक्षत्रे, म्हणून सत्तावीस. असा उलट्या क्रमाने तो वाचायचा. ताडपत्रावर लिहिणाऱ्याचा एखादा आकडा चुकला तर ओळखू येत नाही, शब्द चुकला तर वृत्त मोडते.

हा आकडा आला कुठून? माधवाची जी श्रेणी सर्वांत प्रसिद्ध आहे ती दिसायला अगदी सोपी. व्यासाची चौपट घ्या. तिच्यातून तिचाच तिसरा भाग वजा करा, पाचवा भाग मिळवा, सातवा वजा करा, नववा मिळवा. असे विषम संख्यांनी भागत, आलटून पालटून कमी-जास्त करत गेले की परीघ मिळतो. व्यास एक धरला तर ही श्रेणी पायची किंमत देते. वर्तुळासारखी गोल, अखंड वस्तू आणि एक, तीन, पाच, सात ही पोरासोरांना येणारी मोजणी, यांचा असा संबंध असावा याचे मला आजही नवल वाटते.

पण ही सुंदर श्रेणी हिशेबाला बसले की घाम फोडते. दहा पदे मांडली तर ३.०४१८ येते. शंभर पदांनंतर ३.१३१५९, म्हणजे दुसरे दशांश स्थळही चुकीचे. हजार पदांनंतर ३.१४०५९. श्रेणी पोचते खरी, पण रखडत पोचते. दहा स्थळे बरोबर हवी असतील तर अब्जावधी पदे मांडावी लागतील. तेवढे आयुष्य कोणाला नाही. मग माधवाला अकरा स्थळे मिळाली कशी?

या प्रश्नाच्या उत्तरात केरळच्या गणिताचे खरे तेज आहे असे मी मानतो. 'न्यूटनच्या आधी आमच्याकडे' हे वाक्य आपण उत्साहाने म्हणतो, पण ती श्रेणी सांगून थांबतो. तिच्या पुढचे जे काम आहे ते आपल्या ऐकण्यात सहसा येत नाही. माधवाच्या परंपरेने विचारले ते असे: मी कुठेतरी थांबणार हे नक्की. थांबलो तिथे जी अगणित पदे राहून गेली, त्या सगळ्यांची मिळून किंमत किती? ती मोजता आली तर पुढे जायचे कारणच उरत नाही. यासाठी त्यांनी शेवटच्या पदावर एक संस्कार, म्हणजे दुरुस्ती, लावली.

'युक्तिभाषा' या ग्रंथात ज्येष्ठदेवाने त्यामागचा विचार उलगडून सांगितला आहे. दुरुस्ती अचूक असेल तर एक पद आधी थांबून ती लावली काय आणि एक पद पुढे जाऊन लावली काय, उत्तर एकच आले पाहिजे. याचा अर्थ, या दोन दुरुस्त्यांची बेरीज मधल्या पदाएवढी असली पाहिजे. तर मग दुरुस्ती त्या पदाच्या निम्मी धरावी हे पहिल्यांदा सुचते. पण नियम दोन्ही ठिकाणी एकच लावायचा असल्यामुळे तंतोतंत निम्मे करून जुळत नाही, थोडी चूक राहते. त्या चुकीला ज्येष्ठदेव स्थौल्य म्हणतो आणि लगेच तिचे माप काढतो. चूक धन आहे की ऋण, केवढी आहे, छेदात काय मिळवले म्हणजे ती आणखी घटेल, असे करत एकीपेक्षा एक बारीक अशा तीन दुरुस्त्या मिळतात.

आकड्यांत पाहू. व्यास एक. दहा पदांची बेरीज ३.०४१८३९६. पहिली दुरुस्ती ४/४० मिळवली की ३.१४१८४. दुसरी दुरुस्ती ४०/४०१ लावली तर ३.१४१५९०२. तिसरी ४०४/४०५०, आणि उत्तर ३.१४१५९२७०५. पायच्या खऱ्या किमतीपासून हे एक कोटीच्या एका भागाहूनही कमी दूर आहे. पदे तीच दहा. ज्या श्रेणीला हजार पदांत तिसरे स्थळ साधत नव्हते, तिने दहा पदांत सातव्या स्थळाला हात घातला. पन्नास पदे घेऊन तिसरी दुरुस्ती लावली तर अकरा स्थळे बरोबर येतात.

माधवाच्या नावावर आणखीही एक श्रेणी आहे. तिच्यात व्यासाच्या वर्गाला बाराने गुणून वर्गमूळ घ्यायचे आणि विषम संख्यांबरोबर प्रत्येक पदाला तीनच्या वाढत्या घातानेही भागायचे. ती मुळातच वेगाने आटत जाते. एकवीस पदांत अकरा स्थळे देते. ज्या आणि कोटिज्येच्या, म्हणजे साइन-कोसाइनच्या, श्रेणीही त्याच्याच.

परंतु पोचणे म्हणजे काय? कधीच न संपणारी बेरीज एका ठरावीक संख्येला 'येते' असे कोणत्या अधिकाराने म्हणायचे? हा प्रश्न नीलकंठाने उघडपणे विचारला. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये परिघाची जी किंमत दिली तिला त्याने जवळची किंमत म्हटले होते. आर्यभटीयावरच्या भाष्यात नीलकंठ विचारतो, खरी सोडून जवळची का दिली? आणि स्वतःच उत्तर देतो: कारण खरी सांगताच येत नाही. ज्या मापाने व्यास निःशेष मोजला जाईल त्याच मापाने परीघ मोजू गेलात तर काहीतरी उरणारच. परीघ निःशेष मोजणारे माप घेतलेत तर व्यासात उरेल. माप कितीही लहान करा, उरणारा भाग लहान होईल, पण नाहीसा होणार नाही. पाय ही संख्या दोन पूर्णांकांच्या भागाकाराने लिहिता येत नाही, हे युरोपात लांबर्टने १७६०च्या दशकात सिद्ध केले. नीलकंठाकडे तशी सिद्धता नाही, ठाम विधान आहे. एवढा फरक आपण राखून ठेवला पाहिजे.

त्याच भाष्यात तो एका साध्या गुणोत्तर श्रेढीपाशी येतो. एक चतुर्थांश, त्याचा चतुर्थांश, त्याचाही चतुर्थांश, अशा न संपणाऱ्या बेरजेचे एक तृतीयांश होतात. ०.२५, मग ०.३१२५, मग ०.३२८१, मग ०.३३२०. इथे नीलकंठ एकाऐवजी दोन शंका काढतो. ही बेरीज तितकीच का वाढते, त्यापुढे का जात नाही? आणि तितकी तरी वाढतेच हे कशावरून, अलीकडेच का अडत नाही? पुढे तो दाखवतो की एक तृतीयांश म्हणजे एक चतुर्थांश अधिक एक बारांश. एक बारांश म्हणजे एक सोळांश अधिक एक अठ्ठेचाळीसांश. अशा रीतीने दर वेळी जे उरते ते आत्ताच मिळवलेल्या पदाचा नेमका तिसरा भाग असते. उरते म्हणून बेरीज तृतीयांश ओलांडत नाही; आणि जे उरते ते चौपटीने घटत जाते, म्हणून तृतीयांशाच्या अलीकडचा कोणताही मुक्काम ती मागे टाकते.

आज अकरावी-बारावीच्या वर्गात सीमा शिकवतात. बहुतेक मुलांच्या मनात सूत्र राहते आणि या दोन शंका कधी उठतच नाहीत. पण सीमेची व्याख्या म्हणजे या दोन शंकांचे उत्तर आहे, दुसरे काही नाही. युरोपात ते उत्तर नेटकेपणाने मांडले गेले कोशीच्या १८२१च्या ग्रंथात. तोपर्यंत तिथले थोर गणिती अनंत श्रेणींशी बिनधास्त खेळत होते. १८२६ साली आबेलने एका पत्रात अपसारी, म्हणजे कुठेच न पोचणाऱ्या, श्रेणींवर संताप व्यक्त केला तो उगाच नव्हे. न्यायासाठी हेही सांगायला हवे की माधव लहान असताना, १३५०च्या सुमारास, निकोल ओरेमने दाखवले होते की एक, निम्मे, तृतीयांश, चतुर्थांश ही बेरीज कोणत्याच मुक्कामाला थांबत नाही, पदे शून्याकडे जात असली तरीही. अनंत बेरजेची एक बाजू तिकडे उमगली आणि दुसरी निळेच्या काठी, एकाच शतकाच्या आगेमागे. एकमेकांना त्याची वार्ता नव्हती.

श्रेणी कधी पोचते आणि कधी नाही, याचे भानही केरळात होते. ज्येवरून चाप काढण्याची माधवाची जी श्रेणी आहे, तिच्याबरोबर एक अट सांगितली जाते: ज्या आणि कोटिज्या यांपैकी जी लहान असेल तिच्यावरूनच काम करावे. नाहीतर कितीही वेळा कृती केली तरी फळे संपत येणार नाहीत. अभिसरणाची अट आजचा शिक्षक फळ्यावर लिहितो ती वेगळ्या भाषेत हीच. आणि वर पाहिलेली पायची रखडणारी श्रेणी उभी आहे ती नेमकी या अटीच्या काठावर, दोन्ही ज्या समान असतात तिथे. तिच्या रखडण्याचे कारणही तेच.

युक्तिभाषा १५३०च्या सुमाराची. तिचे मला सर्वांत मोठे अप्रूप वाटते ते तिच्या भाषेचे. संस्कृत श्लोक सोडून ज्येष्ठदेवाने मलयाळम गद्यात लिहिले, आणि लिहिले तेही नुसती सूत्रे नव्हेत, त्यांच्या युक्ती, म्हणजे ती खरी का याची कारणे. वर्तुळाभोवती चौरस काढा, बाजूचे पुष्कळ समान तुकडे करा, प्रत्येक तुकड्याच्या टोकापासून मध्यापर्यंत रेषा ओढा, त्या रेषांमधले चापाचे तुकडे लहान त्रिकोणांनी मोजा, अशी वाचणाऱ्याचा हात धरून चालणारी ती वाक्ये आहेत. मग भागाकाराची जागा न संपणाऱ्या गुणाकार-वजाबाकीने घेतली जाते, आणि वर्गांच्या, चतुर्घातांच्या बेरजा लागतात. तुकडे जितके बारीक, अणूएवढे, करू तितकी वर्गांची बेरीज शेवटच्या संख्येच्या घनाच्या तृतीयांशाला भिडते, चतुर्घातांची पाचव्या घाताच्या पंचमांशाला. तीन आणि पाच हे श्रेणीतले छेद आले ते इथून. समाकलनाचे बीज आपण ज्याला म्हणतो ते या पानांवर शेजारी बसून समजावलेले आहे.

मग हे सारे जगाला कळले का नाही? वास्को द गामा १४९८ साली कोळिकोडजवळ उतरला, आणि नीलकंठाचा 'तंत्रसंग्रह' १५०० सालचा. त्या ग्रंथाच्या आरंभाच्या आणि शेवटच्या श्लोकांत कलियुगाचे दिवस मोजून तारखा गुंफलेल्या आहेत, म्हणून काळाबद्दल वाद नाही. या श्रेणी जेझुइट पाद्र्यांमार्फत युरोपात गेल्या असाव्यात अशी एक कल्पना अधूनमधून मांडली जाते, पण तिला आधार देणारे एकही पत्र, एकही भाषांतर आजवर हाती आलेले नाही. ग्रेगरीने १६७१ मध्ये आणि लायब्निझने त्यानंतर दोन-तीन वर्षांत आपापल्या वाटेने त्या पुन्हा शोधल्या. केरळात परंपरा क्षीण होत गेली तरी तुटली नव्हती. कडत्तनाडच्या शंकरवर्म्याने १८१९ साली 'सद्रत्नमाला'त पायची सतरा स्थळे दिली.

ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मलबारात असलेल्या चार्ल्स व्हिश याला ही पुस्तके भेटली. त्याने पंडितांकडून ती समजून घेतली. या श्रेणी इथल्याच आहेत हे मद्रासेतल्या इतर जाणकारांना पटणे जड गेले. जॉर्ज हाइनचे मत तर असे की या श्रेणी हिंदूंनी युरोपीयांकडूनच घेतल्या असणार. व्हिश १८३३ साली कडप्प्यात वारला, आणि तंत्रसंग्रह, युक्तिभाषा, करणपद्धती व सद्रत्नमाला या चार ग्रंथांविषयीचा त्याचा निबंध १८३४ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीने छापला. त्यानंतर शंभर वर्षे जवळपास कोणी तिकडे वळून पाहिले नाही.

मग जागे झाले ते इथलेच अभ्यासक. के. मुकुंद मरार आणि सी. टी. राजगोपाल यांचा युक्तिभाषेतल्या सिद्धतेवरचा लेख १९४४ साली रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात आला. १९४८ मध्ये रामवर्मा मरु तंपुरान आणि अखिलेश्वर अय्यर यांनी युक्तिभाषेचा गणितभाग टिपणांसह छापला. के. व्ही. शर्मा यांनी तर ताडपत्रे आणि हस्तलिखिते गोळा करण्यात, त्यांच्या शुद्ध आवृत्त्या काढण्यात आयुष्य घातले. लीलावतीवरची ती क्रियाक्रमकरी टीका १९७५ साली होशियारपूरहून छापली गेली, तिच्यामागेही तेच होते. २००५ मध्ये ते गेले. त्यांनी केलेला युक्तिभाषेचा इंग्रजी अनुवाद २००८ साली निघाला. त्यावरची गणिती टिपणे के. रामसुब्रमणियन, एम. डी. श्रीनिवास आणि एम. एस. श्रीराम यांची आहेत. त्यांतले रामसुब्रमणियन पवईच्या आयआयटीत याच विषयाचे अध्यापन करत आले आहेत.

आपल्याकडे या इतिहासाचा उपयोग बहुधा 'कोण आधी' एवढ्यासाठी होतो. मला ते फार थोडके वाटते. माधवाचा सन्मान न्यूटनच्या शेजारी त्याची तारीख लिहून पुरा होत नाही. त्याच्या परंपरेने जी शंका काढली आणि जी चूक मोजली, ती आपल्या मुलांनी काढली आणि मोजली, तर होतो. गणिताच्या शिक्षकांना माझे एवढेच मागणे आहे. सीमेचा धडा सुरू कराल तेव्हा व्याख्या फळ्यावर लिहिण्याआधी एक तास राखून ठेवा. मुलांना चार गुणिले कंसात एक वजा एक तृतीयांश अधिक एक पंचमांश अशी दहा पदे हाताने मांडू द्या, कॅल्क्युलेटर वापरला तरी हरकत नाही. उत्तर ३.०४ येऊन ती निराश झाली की त्यांच्याकडून त्यात ४०४/४०५० मिळवून घ्या, आणि ही संख्या कुठून आली हे त्यांनाच शोधायला सांगा.